चोचीवरचा बलक

आमच्या पडवीच्या कोपऱ्यात, जात्याच्या पलीकडे, एक जुनी वेताची पाटी ठेवलेली असते. तिच्यात पेंढा घातला की कोंबड्या तिथे अंडी घालतात. गेल्या पावसाळ्यात सलग चार दिवस ही पाटी रिकामी निघाली. कोंबडी अंडं घालून ओरडायची, मी हातातलं काम टाकून धावायचे आणि पाटीत काहीच नसायचं. पहिला संशय मुंगसावर गेला, दुसरा माडावर बसणाऱ्या कावळ्यांवर. आत्याने मात्र पाटीतला पेंढा उचलून नाकाशी धरला. "अगो, मुंगूस आलं असतं तर टरफलं कुठे गेली?" तळाच्या चार काड्या एकमेकींना चिकटल्या होत्या आणि त्यांच्यावर तांबड्या मुंग्यांची रांग लागली होती. मग तिने एकेक कोंबडी धरून चोच बघितली. तिसऱ्या, तांबूस मानेच्या कोंबडीच्या चोचीच्या कडेला आणि गळ्याखालच्या पिसांना वाळलेला पिवळा बलक लागला होता.

कुंपणानेच शेत खाल्लं होतं.

परसातल्या कोंबड्या पाळणाऱ्या बहुतेक घरांत हा अनुभव कधी ना कधी येतोच, आणि चोर ओळखायची पद्धतही आत्याने वापरली तीच असते. साप अंडं अख्खं गिळतो, मागे ओल राहत नाही की टरफल राहत नाही. कावळा बहुधा अंडं उचलून नेतो आणि दुसरीकडे फोडतो. मुंगूस किंवा घूस आली तर फुटक्या टरफलांचे मोठे तुकडे सापडतात. पेंढा चिकट, मुंग्या लागलेल्या आणि टरफल जवळजवळ गायब, असं दिसलं तर घरच्याच कोंबडीकडे बघायचं. कोंबडी बलक आणि पांढरं तर खातेच, कवचसुद्धा टिपून संपवते. ती कवच का संपवते, यातच निम्मं उत्तर आहे.

कोंबडीला ही खोड लागली की ती कापायचीच, असं गावात सर्रास मानतात. मला ते पटत नाही. कोंबडीला अख्खं अंडं हे खाणं म्हणून कळतच नाही. तीच कोंबडी खुडूक झाली की त्याच चोचीने अंडी दिवसातून कितीतरी वेळा उलटीपालटी करते, पोटाखाली ओढून घेते, आणि एकालाही तडा जाऊ देत नाही. अंडं म्हणजे खाणं हे तिला एकाच प्रकारे कळतं: एखादं अंडं फुटतं आणि आतलं दिसतं. पहिलं अंडं ती फोडत नाही, ते अपघाताने फुटतं. ते का फुटलं, हे शोधून काढलं नाही तर कोंबडी कापूनही प्रश्न तसाच राहतो, कारण पुढच्या महिन्यात दुसरीच्या चोचीला बलक लागलेला असतो.

अंडं फुटण्याचं सगळ्यात मोठं कारण पातळ कवच. एक अंडं तयार व्हायला साधारण २४ ते २६ तास लागतात. बलक सुटणं, त्याच्यावर पांढरं चढणं, त्याभोवती पडदे येणं हे सगळं पाचेक तासांत उरकतं. उरलेले वीसेक तास एकट्या कवचासाठी जातात. कवच म्हणजे जवळजवळ सगळा चुनाच, कॅल्शियम कार्बोनेट, आणि एका कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असतं. दोन ग्रॅम ऐकायला किरकोळ वाटतं. पण कोंबडीच्या सगळ्या रक्तात मिळून एका वेळी जेमतेम पंचवीस-तीस मिलिग्रॅम कॅल्शियम फिरत असतं. म्हणजे रात्रभर तिच्या रक्तातला हा साठा पुन्हा पुन्हा रिकामा होतो आणि पुन्हा पुन्हा भरावा लागतो. तो भरतो आतड्यातून, आणि पहाटे आतडं रिकामं झालं की हाडांतून. तलंग, म्हणजे तरुण कोंबडी, अंड्यावर यायच्या आधी तिच्या मांडीच्या आणि पायाच्या नळ्यांच्या पोकळीत एक खास प्रकारचं हाड भरत जातं. कवचाला लागणाऱ्या चुन्याची ती तिची तिजोरी असते. दिवसा खाण्यातून भरणा झाला नाही तर तिजोरीतून उचल होत राहते. आधी कवच पातळ येतं, मग कधी नुसत्या पडद्याचं मऊ अंडं पडतं. ते पाटीत पडताच फुटतं, आणि धडा शिकवून होतो.

आमच्या कोकणात कोंबडीला रोज काय मिळतं? कणी, कोंडा, शिळा भात, आणि परसात उकरून सापडेल ते. १०० ग्रॅम कणीत कॅल्शियम असतं १० मिलिग्रॅमच्या आसपास. नाचणी त्या मानाने फार श्रीमंत, १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या घरात, तरी एका कवचाचा पाचवा हिस्साही त्यातून पुरता भागत नाही. जुन्या गावरान कोंबडीचं यावरही निभायचं, कारण ती वर्षाला साठ-सत्तर अंडी घालायची, मध्येच खुडूक होऊन बसायची, आणि उरलेला वेळ गोगलगायी, किडे, वाळवी, शेणातल्या अळ्या खात फिरायची. तिचा वर्षाचा कवचाचा खर्च १२०-१४० ग्रॅम कॅल्शियमचा. आता गावोगावी बचत गटांतून आणि योजनांमधून सुधारित जातींची पिल्लं येतात. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने तयार केलेल्या वनराजा आणि ग्रामप्रिया या जाती त्यांपैकीच. परसात राहूनही ग्रामप्रिया वर्षाला दीडशेच्या वर अंडी घालते. म्हणजे कवचाचा खर्च ३०० ग्रॅमच्या पुढे गेला, आणि ताटलीत मात्र तीच कणी आणि तोच कोंडा. जात बदलली तेव्हा खाणंही बदलायला हवं, हे पिल्लं वाटताना कोणीतरी घराघरांत बसून सांगायला हवं होतं. माझ्या ओळखीच्या चार घरांत तरी ते कोणी सांगितलं नव्हतं. कोंबडी अंड्याचं कवचसुद्धा टिपून खाते तेव्हा तिला बाहेर न मिळालेला चुना ती आपल्याच अंड्यातून परत मिळवत असते.

याच्यावरचा उपाय कोकणात तरी फुकट आहे. तिसऱ्यांचं कालवण झालं की टोपलंभर शिंपले उकिरड्यावर जातात. ते धुवून, उन्हात वाळवून, पाट्यावर भरड कुटायचे. शिंपल्यात ४० टक्क्यांच्या जवळपास कॅल्शियम असतं, म्हणजे एका अंड्यामागे निदान पाच ग्रॅम, एक सपाट चमचा चुरा लागतो. पीठ मात्र करू नये. ज्वारीच्या दाण्याएवढे तुकडे पोटात हळूहळू विरघळतात आणि रात्री, नेमकं कवच घडत असताना, कामाला येतात. हा चुरा खाण्यात न मिसळता करवंटीत घालून वेगळा ठेवावा. जिला अंडं घालायचंय ती कोंबडी आपणहून, बहुतेक वेळा संध्याकाळी, येऊन हवा तेवढा खाते. कोंबड्याला आणि पिल्लांना त्याची गरज नसते, उलट जास्त चुना पोटात गेला तर पिल्लांच्या मूत्रपिंडांना त्रास होतो. देशावर आणि विदर्भात, जिथे शिंपले मिळत नाहीत, तिथे पशुखाद्याच्या दुकानात शिंपल्याची किंवा चुनखडीची भरड मिळते. पाण्यात पानाचा चुना टाकून त्याची निवळी पाजायची पद्धतही आहे, पण तिचा हिशोब केला तर हाती फारसं लागत नाही. लिटरभर पाण्यात चुना विरघळतो दीड ग्रॅमच्या आसपास, आणि कोंबडी दिवसाला पाव लिटरभर पाणी पिते. एका कवचाचा दहावा हिस्सा त्यातून निघाला तर निघाला.

उन्हाळ्यात चुना पोटभर मिळूनही कवचं पातळ येतात. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकते. त्या धापांबरोबर रक्तातला कार्बन डायऑक्साइड भराभर बाहेर जातो, आणि कवचातला कार्बोनेट त्याच्यापासूनच बनायचा असतो. त्यात उकाड्याने खाणंही कमी होतं. अकोल्या-चंद्रपूरच्या मे महिन्यात कोंबड्यांना सावली, ओलं गोणपाट आणि दिवसातून तीनदा बदललेलं थंड पाणी देणं हा अंडी वाचवायचाच उपाय आहे. पाण्याचं आणखी एक कारण आहे. अंड्याच्या आतला तीन चतुर्थांश भाग पाणीच असतो. तहानलेल्या कोंबडीसमोर फुटकं अंडं म्हणजे भरलेलं भांडं.

मानमोडीच्या रोगातून वाचलेल्या कोंबड्यांचीही कवचं बरेच दिवस वेडीवाकडी किंवा पातळ येतात, तेवढं ध्यानात ठेवावं. म्हाताऱ्या कोंबडीचं अंडं मोठं होत जातं, पण कवचाला चुना तेवढाच मिळतो, म्हणून तेही पातळ.

आता पाटीकडे येऊ. अर्धी अंडी चुन्याअभावी फुटत असतील, तर उरलेली अर्धी जागेअभावी फुटतात. आमच्याकडे अकरा कोंबड्या आणि अंडी घालायची पाटी एकच, असं पूर्वीपासून चालत आलं होतं. पण सकाळी आठ ते अकराच्या दरम्यान बहुतेकींना एकाच वेळी घाई होते. एक आत बसलेली, दुसरी तिच्या अंगावर चढलेली, तिसरी काठावर ओरडत. आधीचं अंडं त्यांच्या नखांखाली येतं. नॉर्वेच्या थोरलेफ शेल्डरूप-एब यांनी १९२१-२२ च्या सुमारास कोंबड्यांच्या कळपातली चोचीची उतरंड मांडून दाखवली: कोण कोणाला टोचू शकते आणि कोणी गप्प सोसायचं, हे प्रत्येक कळपात ठरलेलं असतं. ती उतरंड अंड्यांच्या पाटीपाशी स्वच्छ दिसते. सगळ्यात खालच्या कोंबडीला पाटी कधी मिळतच नाही. ती लाकडांच्या मोळीमागे, नाहीतर उघड्या जमिनीवर अंडं टाकून जाते, आणि येणारी-जाणारी प्रत्येक चोच त्याच्यावर पडते.

चार-पाच कोंबड्यांमागे एक जागा हवी, लांबी-रुंदी फूटभर. ती जमिनीपासून दीडेक फूट वर असावी, पण झोपायच्या दांडीपेक्षा खाली, नाहीतर कोंबड्या रात्री त्यातच झोपतात आणि घाण करतात. तळाला तीन-चार बोटं जाड पेंढा किंवा तूस असावं. आमच्या जुन्या पाटीत पेंढा वरून गुबगुबीत दिसायचा, पण मी हात घातला तेव्हा मधोमध वेताचा तळ बोटांना लागला. कोंबड्या उकरून उकरून पेंढा कडेला लोटतात. कोंबडी अंडं घालताना अर्धवट उभी राहते, म्हणजे अंडं थोड्या उंचीवरून पडतं, आणि ते नेमकं त्या उघड्या वेतावर. तेव्हापासून आम्ही दर रविवारी पेंढा बदलतो आणि मधे मूठभर जास्त घालतो.

अंधार हाही तितकाच महत्त्वाचा. कोंबडी डोळ्यांनी जगते, अंधारात ती टोचत नाही. पाटीच्या तोंडावर गोणपाटाचा पडदा सोडला आणि त्याला एक उभी चीर दिली की आत जायला वाट राहते आणि उजेड येत नाही. जिला अंडं घालायचं आहे तिला तर अंधारच हवा असतो. हा पडदा म्हणजे दहा रुपयांचाही खर्च नाही, आणि माझ्या अनुभवात त्याच्याएवढं काम दुसऱ्या कशानेही झालेलं नाही.

आणि अंडी लवकर उचलणं. परत येऊन कोंबडीने तिथेच बसावं म्हणून एक अंडं पाटीत राहू द्यायची जुनी रीत आहे. खरं अंडं ठेवलं तर तेच दहा दिवसांनी कोणाच्या तरी पायाखाली फुटतं. आठ वाजता, दहा वाजता आणि दुपारी, अशा तीन फेऱ्या मारायच्या. खुणेला ठेवायचं अंडं लाकडाचं असावं. सावंतवाडीला लाकडाची फळं करतात तशी, आम्ही आमच्या सुताराकडून तीन अंडी कातून घेतली, पॉलिश न लावता. समुद्रावरचा गुळगुळीत पांढरा गोटाही चालतो. त्याचा उपयोग दुहेरी आहे. इथे अंडी घालायची असतात हे नव्या तलंगांना कळतं, आणि जिला खोड लागली आहे ती त्याच्यावर टोच टोच टोचते, काही निघत नाही, चोच दुखते, आणि हळूहळू अंड्याचा आकार पाहून टोचायची ओढ मावळते.

खोड लागण्याची एक जागा मात्र आपण स्वतःच्या हाताने तयार करतो, ती म्हणजे उकिरडा. ऑम्लेट केलं की फुटकी टरफलं उकिरड्यावर जातात, आत पांढरं लडबडलेलं. दिवसभर कोंबड्या तिथेच उकरत असतात. अंड्याच्या आत काय असतं, हे त्यांना आपणच दाखवतो. टरफलं कोंबड्यांना द्यायला हरकत नाही, त्यांच्यात चुना आहेच, पण आधी तव्यावर कोरडी भाजून, हाताने चुरून, अंड्याशी त्यांचं काही नातं दिसणार नाही अशी करून द्यावीत.

भुकेचा आणि कोंडण्याचाही यात हात असतो. आमच्या गावात तरवा पेरला की कोंबड्या कोंडाव्या लागतात, नाहीतर त्या शेजाऱ्याचं सगळं भात टिपून टाकतात आणि भांडणं होतात. तीन-चार आठवडे खुराड्यातच. जी कोंबडी दिवसाचे आठ तास उकरण्यात घालवते तिला उकरायला काही नसतं, किडे नसतात, वर पाऊस. आमच्या तांबूस मानेच्या कोंबडीला खोड नेमकी याच दिवसांत लागली. कणी-कोंड्यातून पोट भरतं, पण पुरेशी प्रथिनं मिळत नाहीत, आणि अंडी घालणाऱ्या कोंबडीच्या खाण्यात ती १६-१७ टक्के तरी असावी लागतात. कोंडलेल्या दिवसांत मूठभर सुकट किंवा जवळा, शेंगदाण्याची पेंड, आणि सोबत चोचीला काम द्यावं: मेथीची नाहीतर शेपूची जुडी दोरीने उंच टांगायची, कोपऱ्यात कोरडी राख आणि माती अंग घुसळायला, पेंढ्यात पसरलेले नाचणीचे चार दाणे. चोच रिकामी राहिली की ती दुसऱ्या कोंबडीच्या पिसांवर तरी जाते किंवा अंड्यावर तरी.

गावात सगळ्यात जास्त चालणारा उपाय म्हणजे अंड्याला भोक पाडून, आतलं काढून, त्यात लाल तिखट भरून ठेवणं. आमच्या शेजारच्या काकींनी तो तीनदा केला आणि कोंबडीने तिन्ही वेळा ते तिखट अंडं चाटूनपुसून खाल्लं. पोपट हिरवी मिरची कुरकुरत खातो हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे, तेच इथे लागू पडतं. मिरचीतलं कॅप्सेसिन आपल्या ज्या संवेदकाला लागून तोंड भाजतं, त्या संवेदकाचं पक्ष्यांमधलं रूप कॅप्सेसिनला दादच देत नाही. डेव्हिड जूलियस आणि स्वेन-एरिक जॉर्ट यांनी २००२ मध्ये कोंबडीच्याच पेशी घेऊन हे दाखवून दिलं. जूलियस यांना संवेदकांवरच्या कामासाठी २०२१ चं नोबेल पारितोषिक मिळालं. मिरचीच्या झाडाचा यात फायदा आहे, कारण पक्षी तिच्या बिया न चावता दूरवर नेऊन टाकतात. कोंबडीला शिक्षा म्हणून दिलेलं तिखट तिला खाऊ वाटतं, आणि अंडं फोडलं की काहीतरी मिळतं, हाच तिचा समज पक्का होतो.

चोच कापायचा सल्लाही देतात. तो मी देणार नाही. चोचीचं टोक म्हणजे नख नव्हे, त्यात भरपूर नसा असतात. परसात फिरणारी कोंबडी त्याच टोकाने किडा आणि खडा ओळखते, पिसं साफ करते. एका खोडीसाठी तिचं बोट तोडण्यासारखं ते आहे.

अनेक कोंबड्यांत नेमकी कोण, हे कळत नसेल तर रिकाम्या अंड्यात जिलेबीचा रंग भरून ठेवावा, ज्या चोचीला रंग लागेल ती. सापडली की तिला लगेच वेगळं करावं, कारण कोंबड्या एकमेकींकडे बघून शिकतात. एकीने अंडं फोडलं की चौघी धावत येतात. वेगळ्या डालग्याखाली, कमी उजेडात, तिच्यासमोर चुरा, पाणी, सुकट आणि लाकडाचं अंडं. तिचं खरं अंडं पडताच उचलायचं. जमत असेल तर खाली हलका उतार दिलेली फळी आणि पुढे पेंढ्याची पन्हाळी करावी, म्हणजे अंडं पडल्याबरोबर तिच्या चोचीपासून दूर घरंगळतं. मोठ्या फार्मवरच्या पिंजऱ्यांच्या जाळीला असाच उतार असतो. दोन-तीन आठवड्यांत बहुतेक कोंबड्या सुटतात. एखादी नाहीच सुटत. चुना, जागा, अंधार, खाणं सगळं देऊनही जी येईल त्या अंड्यावर तुटून पडते, तिला दहा जणींत ठेवणं म्हणजे दहा जणींना तेच शिकवणं. अशा कोंबडीबद्दल घरात जो निर्णय होतो, तो मी चुकीचा म्हणणार नाही. फक्त तो सगळ्यात शेवटी व्हावा, पहिल्या दिवशी नाही.

आमची तांबूस मानेची सोळा दिवस डालग्याखाली होती. पहिले चार दिवस तिने लाकडाच्या अंड्यावर चोच आपटली, त्याचा ठक ठक आवाज स्वयंपाकघरात यायचा. मग तो थांबला. शिंपल्याचा चुरा ती रोज दिवेलागणीला खायची, पहिल्या आठवड्यात तर दोन वेळा करवंटी भरावी लागली. सतराव्या दिवशी सकाळी आत्याने तिला मोकळी सोडली आणि ती सरळ पडद्याआड गेली. ओरडली तेव्हा मी भाकरीचं पीठ लागलेल्या हातानेच गेले. कोंबडी उठून बाजूला उभी होती, पेंढ्यात लाकडाचं अंडं आणि त्याला टेकून तिचं, अजून ओलसर. माझ्या तळहातावर ते बघता बघता सुकलं. आत्याने ते घेतलं, दोन बोटांत हलकं दाबून पाहिलं, आणि फडताळातल्या कणीच्या डब्यात खोल पुरून ठेवलं.